न दिसलेलं आधी लिहा

आमच्या केजात त्या काळी सगळ्याच डॉक्टरांना सगळं दिसायचं. कोणी नुसतं मनगट धरून लिव्हर किती सुजलंय ते सांगायचा, कोणी दारातून आत येणाऱ्याची चाल बघून मणक्यातली फट सांगायचा, आणि एकजण तर पेशंट घरीच राहू द्या, त्याची चप्पल पाठवा, एवढंच म्हणायचा बाकी राहिला होता. अशा सर्वज्ञांच्या गावात एक डॉक्टर आला आणि 'मला दिसत नाही' असं कागदावर लिहून, खाली सही ठोकून द्यायला लागला. आता बोला! असल्या माणसाचं गावानं करायचं तरी काय?

लहान लेकरांचे डॉक्टर होते ते. नाव सांगत नाही, कारण नावानं त्यांना कोणी ओळखतच नव्हतं. सगळे 'मुंग्यावाले डॉक्टर' म्हणायचे. देशाचे दरवाजे उघडले, असं तेव्हा पेपरात रोज छापून यायचं. त्या दरवाजातून केजपर्यंत काय पोचलं, तर एसटीडीचे पिवळे बूथ, माळवदावरच्या केबलच्या थाळ्या आणि मोठ्या शहरांनी वापरून वापरून टाकून दिलेली सोनोग्राफीची मशीनं. तसलंच एक मशीन डॉक्टरांनी हैदराबादेहून आणलं होतं. दोन वितीचा पडदा, आणि त्यावर काय दिसायचं तर काळ्यापांढऱ्या ठिपक्यांची नुसती वळवळ. पहिल्याच दिवशी एक म्हातारी पडद्याकडं बघून म्हणाली, "अगं बया, लेकराच्या छातीत मुंग्या झाल्या!" झालं. बारसं तिथंच उरकलं.

मी त्यांच्या दवाखान्यासमोर, रस्त्याच्या पल्याड, एक्स-रे काढायचो. बोर्डावर 'क्लिनिक' लिहिलं होतं, पण खरं म्हणजे दुकानच. खोकणारं लेकरू तालुक्यात कुठंही असो, त्याच्या छातीचा फोटो माझ्याकडं निघायचा. माझं बरं चाललं होतं. आणि हा गृहस्थ समोर येऊन लोकांना काय सांगतो, तर "लेकराला कशाला उगं किरणं देता? हितं या. दिवसातून चारदा बघितलं तरी त्याचं काय जात न्हाई." माझ्या मनात त्यांच्याविषयी किती प्रेम दाटून आलं असेल, तुम्हीच ठरवा.

त्यांच्या दारावरची पाटी बघायला लोक नेकनूरहून यायचे. अशी होती: 'येथे फक्त जन्मलेल्यांची सोनोग्राफी होते.' ही मशीनं आमच्या जिल्ह्यात गावोगाव कशासाठी आली होती ते उघड गुपित होतं. पोटातलं मुलगा का मुलगी, याच्यासाठी. कायदा आला होता म्हणे, पण तो रस्त्यात कुठंतरी थांबला असावा. डॉक्टर पोटावर ते यंत्र ठेवायचेच नाहीत. एकदा पांढऱ्या कपड्यातला एकजण सुनेला घेऊन आला आणि हळूच म्हणाला, "डॉक्टरसाहेब, तोंडानं बोलू नका. फकस्त इशारा करा." डॉक्टर म्हणाले, "जन्मलं की घेऊन ये. मुलगा का मुलगी ते मोठ्यानं सांगतो, आन फुफ्फुस बी बघतो." तो माणूस जो गेला, तो जिल्ह्याला सांगत सुटला की केजच्या डॉक्टरला मशीन चालवता येत नाही.

आणखी एक खोड. लेकरांना अहो-जाहो करायचे आणि मोठ्यांना अरे-तुरे. सहा महिन्यांच्या पोराला "या साहेब, बसा, काय तरास हाय?" आणि त्याच्या तहसील कचेरीतल्या बापाला "तू जरा गप ऱ्हा रे." बापाचं तोंड बघण्यासारखं व्हायचं. पोरं मात्र त्यांच्याकडं रडायची नाहीत. रडली तर डॉक्टर खूश व्हायचे, कारण रडताना लेकरू खोल श्वास घेतं. "रडा बाईसाहेब, चांगलं रडा," म्हणायचे आणि पडद्याकडं बघत बसायचे.

सोनोग्राफीला अंगावर एक थंडगार चिकट जेल लावतात. ते औरंगाबादेहून यायचं, आणि जेव्हा संपायचं तेव्हा संपायचं. मग डॉक्टर करडईचं तेल वापरायचे. वाटी मशीनच्या तापलेल्या पाठीवर ठेवून कोमट करायचे, लेकराच्या पाठीला चोपडायचे आणि त्यावरून तो हातात धरायचा ठोकळा फिरवायचे. त्याला लोक 'इस्त्री' म्हणायचे. बाया खूश! तपासणी ती तपासणी आणि वर मालिश. दवाखान्यातून लेकरं चकचकीत होऊन बाहेर पडायची, आणि समोर माझं दुकान रिकामं.

तिसरी खोड बोटं वाजवायची. म्हणजे डॉक्टर लोक छातीवर बोट ठेवून दुसऱ्या बोटानं ठोकतात ना, पाणी आहे का हवा ते कळायला, तसं. पण हे फक्त छातीवर थांबायचे नाहीत. मोंढ्यात गेले की पोती ठोकायचे, हॉटेलात दुधाचा कॅन ठोकायचे, एसटीत बसले की शेजारच्याची पेटी. एकदा माझ्या दुकानात आले आणि फिल्म धुवायच्या डेव्हलपरची टाकी ठोकून म्हणाले, "अर्ध्याच्या खाली गेलीय रे." खरंच गेली होती. मला राग आला तो त्याचाच.

मी पण काही कमी नव्हतो. दहावीनंतर दीड वर्षाचा कोर्स केलेला माणूस मी, थोडंफार वाचलेलं होतं. एकदा भर दवाखान्यात चार लोकांसमोर म्हणालो, "डॉक्टर, पुस्तकात तर लिहिलंय, फुफ्फुसाची सोनोग्राफी होतच न्हाई. हवेच्या पलीकडं लहर जात न्हाई."

"बरोबर लिहिलंय," ते म्हणाले. "कावून तोंड वाकडं करतो? बस. आवाजाची लहर आत गेली आन हवा लागली की तिथूनच माघारी. चांगलं फुफ्फुस हवेनं भरलेलं, म्हंजी काय दिसत न्हाई, निसत्या मुंग्या. पर लेकराच्या छातीत पाणी झालं, पू झाला, न्हाईतर न्यूमोनियानं फुफ्फुस लिव्हरागत घट्ट झालं, की तिथली हवा जाती. मंग मला दिसतं."

"म्हणजे चांगलं दिसत न्हाई, बिघडलेलं तेवढं दिसतं?"

"हां. आन ते बी कडंला असलं तर. मधी खोल असलं, वरून हवा असली, की मी आंधळा. लेकराची छाती पातळ, बरगड्या मऊ, म्हणून तेवढं तरी जमतं. तुज्या छातीवर ठिवलं तर निसती चरबी दिसंल."

लोक हसले. मी ते विसरलो नाही. बिघडलेलं तेवढं बघायचं, हे तर आमचं सगळं गाव मशीनशिवाय करत होतं.

त्यांचा रिपोर्ट तुम्ही बघायला हवा होता. कागदाच्या मधोमध उभी रेघ. डाव्या अंगाला 'न दिसलेलं', उजव्या अंगाला 'दिसलेलं'. आणि डावी बाजू आधी भरायची, हा नियम. "न दिसलेलं आधी लिहा. दिसलेलं काय, कुठं पळून जात न्हाई," असं म्हणायचे. डावीकडं आठ ओळी आणि उजवीकडं दीड. 'खांद्याच्या हाडामागचा भाग दिसला नाही. मधला भाग दिसला नाही. टीबी आहे का नाही हे यातून कळत नाही. लेकरू हलल्यामुळे उजवी बाजू नीट बघता आली नाही, उद्या परत या.' लोक तो कागद घेऊन माझ्याकडं यायचे आणि विचारायचे, "ह्यात नेमकं काय निघालं?" मी म्हणायचो, "काही न्हाई निघालं. त्यांना दिसतच न्हाई. या, फोटो काढू." मजेत चालू होतं माझं.

माजलगावकडच्या एका पुढाऱ्याच्या नातवानं मात्र घोटाळा केला. साखर कारखान्यात वजन असलेला माणूस, दोन जीपा, पुढं-मागं कार्यकर्ते. नातू चार वर्षांचा. दहा-बारा दिवस ताप, धाप, आणि इंजेक्शनं देऊन देऊन पोराच्या मांड्या दगड झालेल्या. एक्स-रे मीच काढला. डावी छाती वरपासून खालपर्यंत पांढरीधोप. फिल्म झकास आली होती, पण पांढरं म्हणजे पाणी का घट्ट झालेलं फुफ्फुस, ते फिल्मला कळत नाही. हे मला तेव्हा कबूल करायचं नव्हतं. दुसऱ्या एका डॉक्टरांनी पाणी समजून दोनदा सुई घातली, दोन्हीदा कोरडी. मग कोणीतरी म्हणालं, समोरच्या मुंग्यांत दाखवा.

डॉक्टर पुढाऱ्याला म्हणाले, "तू बाजूला सरक रे, उजेड अडतोय." कार्यकर्त्यांनी श्वास रोखला. मग नातवाला म्हणाले, "साहेब, आईच्या खांद्यावर डोकं ठिवा आन आमाला पाठ द्या." तेल लावलं, इस्त्री फिरवली. बराच वेळ बघून म्हणाले, "पू हाय. पर त्यात जाळ्या धरल्यात. समदीकडं न्हाई मोकळा. हितं, खाली, मागच्या अंगाला एक डबकं हाय." बॉलपेनानं पाठीवर फुली मारली आणि तिथंच सुई घातली. सिरिंज भरून पिवळा पू आला. मग पू काढायची नळी छातीत टाकायला पोराला मोठ्या दवाखान्यात पाठवलं, आणि तीन आठवड्यांनी ते पोरगं कारखान्याच्या आवारात कार्यकर्त्यांना लाथा घालत फिरत होतं.

सत्कार ठरला. मांडव, शाल, श्रीफळ, स्पीकर. पुढाऱ्यानं भाषण केलं की आमच्या मराठवाड्याच्या मातीत असं दिव्यदृष्टीचं यंत्र आलं आहे. मग डॉक्टर उठले. आभार मानतील म्हणून लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि ह्या माणसानं अर्धा तास, घड्याळ लावून अर्धा तास, यंत्राला काय काय दिसत नाही ते सांगितलं. जाळी दिसली हे खरं, पण पू किती जुना ते दिसलं नाही. जंतू कोणता ते दिसलं नाही. पोरगं वाचलं ते मोठ्या दवाखान्यातल्या नळीनं आणि औषधानं. पुढाऱ्याचा चेहरा त्या लाल शालीच्या रंगाचा झाला. स्पीकरवाल्यानं दोनदा वायर हलवून बघितली, तरी डॉक्टर थांबले नाहीत.

लोकांना काय, ते फक्त 'दिव्यदृष्टी' घेऊन घरी गेले. दुसऱ्या दिवसापासून मशीनला हार. इस्त्रीला हळदीकुंकू. एकजण आईला घेऊन आला आणि म्हणाला, "एवढी गुडघ्यावरून फिरवून द्या." डॉक्टर बाहीनं कुंकू पुसायचे आणि ओरडायचे, "अरे, आंधळं हाय बे ते! आंधळ्याला कुंकू लावता?" जितके ओरडायचे तितकी गर्दी वाढायची. गावाला वाटायचं, काय विनय आहे बघा.

माझी मुलगी तेव्हा अडीच वर्षांची होती.

इथून पुढं मला गमतीनं सांगता येत नाही, पण बघतो. पौषात मेव्हण्याच्या शेतावर हुरड्याला गेलो होतो. बाया आगटीपाशी कणसं भाजत होत्या, चोळत होत्या. माझ्या बायकोनं पोरीच्या फ्रॉकच्या ओच्यात मूठभर भाजलेले शेंगदाणे टाकले आणि म्हणाली, "चावून खा गं." पोरगी माझ्याकडं बांधावर आली. मला तिला वर उडवायची सवय होती. तोंडात दाणे होते, मला दिसत होते. तरी उडवलं. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा ती खदाखदा हसली आणि खाली येताना हसणं थांबलं. ठसका लागला, डोळे मोठे झाले, ओठ निळे पडले. मी उलटी धरून पाठीत थापट्या मारल्या. मिनिटभरात रडायला लागली, ओठ लाल झाले. आजूबाजूला कोणी नव्हतं. आगटीपाशी गेलो तेव्हा बायको म्हणाली, "कावून रडली?" मी म्हणालो, "पडली."

बस, एवढंच. एक शब्द.

त्यानंतर खोकला सुरू झाला. जायचा, परत यायचा. छातीत शिटी वाजायची. कोणी दमा म्हणालं, कोणी धुळीची ॲलर्जी, कोणी दात येताना होतं असं म्हणालं. सर्वज्ञांची कमी नव्हती म्हणालो ना. मग ताप यायला लागला. तीन आठवडे मी पुड्या आणि बाटल्या आणत राहिलो, पण रस्ता ओलांडून समोर गेलो नाही. त्यांच्या मशीनची टिंगल करण्यात माझी अर्धी हयात गेली होती, आता कोणत्या तोंडानं जाणार? आणि खरं सांगायचं तर दुसरं कारण त्याहून मोठं होतं. हा माणूस प्रश्न विचारायचा.

शेवटी मीच तिचा एक्स-रे काढला. लेकराच्या छातीचा फोटो छाती भरून श्वास घेतलेला असताना काढायचा असतो. रडणारं लेकरू रडता रडता मधेच हापका मारून श्वास आत ओढतं, नेमकं तेव्हा बटण दाबायचं. ह्या कामात माझा हात धरणारा तालुक्यात कोणी नव्हता. पण त्या दिवशी स्वतःच्या पोरीवर माझा हात चुकला. दोन फिल्म रडण्याच्या भरात, श्वास बाहेर सोडताना निघाल्या. वाया गेलेल्या म्हणून कोपऱ्यातल्या रद्दीत टाकल्या, जुन्या फिल्ममधली चांदी काढणाराला द्यायच्या ढिगात. तिसरी पाठ्यपुस्तकात छापावी अशी आली. एकदम स्वच्छ. मी बायकोला म्हणालो, "बघ, काही न्हाई."

ती पोरीला उचलून सरळ समोर गेली. मला मागं जावं लागलं.

"या बाईसाहेब," डॉक्टर पोरीला म्हणाले. "लई दिवसांनी आलात." तेल लावलं. पुढून, कुशीतून, पाठीवरून, सगळीकडून बघितलं. पाणी नाही, घट्टपणा नाही. माझा जीव भांड्यात पडला आणि तोंडसुद्धा सुटलं, "मी सांगितलंच होतं, फोटो स्वच्छ हाय."

त्यांनी इस्त्री उचलली नाही. बरगडीच्या खाली पडद्यावर एक पांढरी रेघ असते, ती श्वासागणिक मागं-पुढं सरकते. ते कधी डाव्या अंगाची रेघ बघायचे, कधी उजव्या. असं सात-आठ वेळा केलं. मग म्हणाले, "उजवीकडं कमी सरकतीय. मला वाटतंय. खात्री न्हाई. आन कावून, ते हितं दिसणार न्हाई. आत हवाच हवा हाय." मग माझ्याकडं वळले. "फोटो किती काढले?"

"एकच."

"खरं बोल. तिला मी वळखतो. ती एकात निघणार न्हाई."

"तीन. दोन वाया गेले."

"चांगला नगं मला. वाया गेलेले आण."

मी रस्ता ओलांडून गेलो, रद्दीतून त्या दोन फिल्म उपसल्या, पुसल्या आणि आणल्या. त्यांनी त्या खिडकीच्या उजेडात धरल्या. श्वास बाहेर सोडलेला असल्यामुळं डावं फुफ्फुस आकसून पांढुरकं झालं होतं, जसं व्हायला पाहिजे तसं. उजवं आकसलंच नव्हतं. काळंभोर, फुगलेलंच होतं, आणि काळजाला डावीकडं रेटत होतं. आत गेलेली हवा बाहेर येत नव्हती. पंधरा वर्षं मी असल्या फिल्म फेकत आलो होतो. किती लेकरांच्या फेकल्या असतील, कोण जाणे.

"श्वासाच्या नळीत काहीतरी अडकलंय," ते म्हणाले. "अगं, हिनं काय खाल्लं व्हतं? ठसका लागलता का कवा?"

बायको आठवत म्हणाली, "हुरड्याच्या दिवशी शेंगदाणे दिलते मी. पर ठसका-बिसका काय न्हाई बाई लागला."

"तुला माहीत हाय का रे?"

"न्हाई," मी म्हणालो.

ते खुर्चीवर बसले, कागदावर उभी रेघ मारली आणि डावीकडं लिहायला लागले. लिहून झाल्यावर बायकोला म्हणाले, "बाईसाहेबांच्या अंगाचं तेल पुसून आण जा, मोरीत गरम पाणी हाय." ती गेल्यावर कागद माझ्यासमोर सरकवला. पहिली ओळ होती: 'श्वासनळीच्या आतलं दिसत नाही.' दुसरी: 'अडकलं असल्यास काय अडकलं ते दिसत नाही.' तिसरी: 'वडिलांना काय माहीत आहे ते दिसत नाही.'

ते हळू आवाजात म्हणाले, "हे बघ. आता औरंगाबादेला न्यावं लागंल. तिथं भूल देऊन श्वासात दुर्बीण घालतील. एवढ्या जिवाला भूल म्हंजी खेळ न्हाई. माज्या मुंग्यांवर आन तुज्या रद्दीवर तिथले लोक चार दिवस विचार करतील, आन त्येंचं बी बरोबर हाय. पर ठसका लागला, लेकरू निळं पडलं, असं डोळ्यानं बघितलेला कोणी असंल तर आजच्या आज घालतील. चार दिवस हिच्यापाशी न्हाईत."

मोरीतून पाण्याचा आवाज येत होता. पोरगी खोकत होती. मी सांगितलं. बांध, उडवणं, तिसऱ्यांदाचं हसणं, निळे ओठ, 'पडली', सगळं. मला वाटलं, आता हा माणूस मला फाडून खाईल, आणि खाल्लं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त तिसरी ओळ खोडली आणि इंग्रजीत चिठ्ठी लिहिली. वडिलांनी स्वतः बघितलं आहे, एवढंच लिहिलं. कसं झालं ते लिहिलं नाही. "बायकोला तू सांग," म्हणाले. "ते माजं काम न्हाई."

जीपनं गेलो. त्याच दिवशी संध्याकाळी दुर्बीण घातली. अर्धा शेंगदाणा निघाला, फुगून मऊ झालेला. तिथल्या डॉक्टरांनी तो बाटलीत घालून दाखवला आणि म्हणाले, "वेळेवर आणलंत." पोरगी दुसऱ्या दिवशी बिस्कीट मागत होती.

बायकोनं ती बाटली हातात घेतली आणि म्हणाली, "मी दिलता. माज्या हातानं दिलता." तेव्हा बोलायला हवं होतं. पोरगी नुकतीच वाचली होती, तिथं माझी फजिती कशाला, असं स्वतःला सांगितलं. घरी गेल्यावर सांगू. घरी गेल्यावर म्हणालो, जरा सावरू दे. असं करत करत माणूस म्हातारा होतो, त्याला काही विशेष कष्ट पडत नाहीत.

केजात आलो तर गावभर एकच गजर: मशीनला शेंगदाणा दिसला! कोणी म्हणे दाण्याचं टरफल दिसलं, कोणी म्हणे दोन दाणे होते पण एक विरघळला. बसस्टँडवर एकानं तर पडद्यावरचा दाणा हातानं केवढा होता ते करून दाखवलं. डॉक्टर दारात उभे राहून ओरडत होते, "न्हाई दिसला! मशीनला कायबी दिसलं न्हाई!" लोक विचारायचे, "मंग कोणाला दिसला?" ते रस्त्यापलीकडं माझ्याकडं एकदा बघायचे आणि तोंड मिटायचे. ह्या माणसानं पुढाऱ्याची शाल अंगावर असताना तोंड मिटलं नव्हतं. माझ्यासाठी मिटलं. खोटी तारीफ आयुष्यात सहन केली ती तेवढीच, आणि ती माझ्यामुळं. मी दुकानात बसून फिल्म धूत होतो.

एक मात्र केलं. त्यानंतर वाया गेलेली एकही फिल्म टाकली नाही. चांगलीच्या जोडीला ती पण पाकिटात घालून द्यायचो. इतर डॉक्टर चिडायचे, "हा काय कचरा पाठवतोस?" मी म्हणायचो, "समोर दाखवा."

दोन वर्षांनी डॉक्टर केज सोडून गेले. आई अंथरुणाला खिळली म्हणून गावी परत चालले होते. मशीन दुसऱ्या डॉक्टरनं घेतलं. त्याच्या हातात गेल्यापासून त्या मशीनला सगळं दिसायला लागलं, पाटी बदलली, कागदावरची उभी रेघ गेली, आणि पोटातलं काय दिसायचं ते मी सांगत नाही. जायच्या दिवशी टेंपोत सामान चढवून डॉक्टर माझ्याकडं आले. सवयीनं टाकी ठोकली. मग म्हणाले, "बायकोला सांगितलं का रे?"

"सांगितलं," मी म्हणालो.

"बरं केलंस," ते म्हणाले. आयुष्यभर कशावरच भरवसा न ठेवणाऱ्या माणसानं माझ्यावर ठेवला. टेंपो सुटला. पुढं कळलं की ते तिकडंच वारले. भेटायला जायचं जायचं म्हणत राहिलो आणि गेलो नाही, कारण त्यांनी परत विचारलं असतं.

माझ्या घरात त्यानंतर शेंगदाणा आला नाही. आमच्याकडं दाण्याच्या कुटाशिवाय भाजी होत नाही, चटणी होत नाही, आणि माझ्या बायकोनं तीस वर्षं तो डबा रिकामा ठेवला. पाहुणे विचारायचे तर मी म्हणायचो, हिला पित्त होतं.

मागच्या आठवड्यात मुलीच्या मुलाचं उष्टावण होतं. माझ्या अंगणात, चार पाहुणे, पाट, चांदीची वाटी, तांदळाची खीर. मुलगी म्हणाली, "आई, पहिला घास तू भरव." माझी बायको दोन पावलं मागं सरली आणि दोन्ही हात पदराआड घेतले. "मला नगं लावू," म्हणाली. "ह्याच हातानं तुला मारलं असतं मी. दुसऱ्या कोणाला सांग." पाहुणे खाली बघायला लागले. मुलगी रडायला लागली. माझी बायको तशीच उभी, आणि हात बाहेर काढीना.

मी उठलो. सगळ्यांसमोर म्हणालो, "अगं, तू दाणे दिलेस म्हणून काही झालं न्हवतं. मी उडवलं होतं तिला. तोंडात दाणे असताना उडवलं. ती निळी पडली आन मी तुला 'पडली' म्हणालो."

तिनं विचारलं, "डॉक्टरला माहीत व्हतं?"

"व्हय."

"आन त्येंनी बी न्हाई सांगितलं?"

"त्यांना वाटलं, मी सांगितलं."

तिनं पदराखालून हात काढले, पाटावर बसली, नातवाला मांडीवर घेतलं आणि चमच्याच्या टोकावर खीर घेऊन त्याच्या ओठाला लावली. आज सहावा दिवस आहे. माझ्याशी एक शब्द बोललेली नाही. नातवाला मात्र तीच भरवते, आणि दर घासानंतर त्याचं तोंड उघडून आत बघते.